सौंसरला लागलेला फोन

माझं माहेर पांढुर्ण्याचं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते, म्हणून मला लिहायवाचायला येत होतं. सासर रामाकोन्याजवळच्या एका खेड्यातलं. थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यात कापूस, आणि तो सांभाळणाऱ्या एकट्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. नवऱ्याचं मन शेतीत लागलं नाही. लग्नाआधीच तो नागपूरच्या एका कापडमिलमध्ये मागावर लागला होता, आणि लग्नानंतर आम्ही मिलमागच्या वस्तीत एका खोलीत राहायला गेलो. तिथेच आमची मुलगी झाली.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. नागपूर तेव्हा आमच्याच राज्याची राजधानी होतं. एक दिवस मिलमध्ये सांगितलं गेलं की यापुढे प्रत्येकाच्या पगारातून थोडे पैसे विम्याचे कापले जातील, आणि कामगार आजारी पडला तर विम्याच्या दवाखान्यात त्याचा इलाज होईल. वस्तीत आठ दिवस हीच चर्चा. माझा नवरा तालमीतला गडी. तो तर चिडलाच होता.

"मले काय धाड भरली हाय?" तो म्हणाला. "दुसरे आजारी पडतीन, अन् पैसे माह्ये कापतीन."

त्यानंतर दोन पावसाळे गेले नसतील, त्याला खोकला लागला. मिलमध्ये कापसाची धूळ उडतेच, म्हणून आम्ही आधी मनावर घेतलं नाही. मग जेवण कमी झालं. गालाची हाडं दिसायला लागली. सदरे धुताना मला जाणवायचं की हे कापड आता त्याच्या अंगावर लोंबतं. एका सकाळी त्याच्या रुमालावर रक्त दिसलं. तो म्हणाला, हिरडीतून आलं असेल. मी मुलीला कडेवर घेतलं आणि म्हटलं, "चला, त्या विम्याच्या दवाखान्यात जाऊ. पैसे तर कापलेच त्यायनं."

डॉक्टरांनी त्याला छातीच्या फोटोसाठी दुसरीकडे पाठवलं. दोन-चार दिवसांनी आम्ही परत गेलो तेव्हा त्यांनी एक मोठी काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. माझ्या नवऱ्याच्या फासळ्या मला दिसत होत्या. मधे हृदयाची सावली. ज्या छातीवर डोकं टेकवून मी झोपायची, ती आतून अशी असते हे मला ठाऊक नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण पहिल्यांदा मी थक्कच झाले. मग डॉक्टरांनी डाव्या बाजूला वर बोट ठेवलं. तिथे फुटलेल्या बोंडासारखं पांढरं काहीतरी होतं.

"क्षय आहे," ते म्हणाले. "पण आता याला औषध आहे. काम मात्र बंद. पडून राहायचं, वेळेवर खायचं आणि सुया चुकवायच्या नाहीत."

काम बंद म्हणजे पगार बंद. नवरा खाली मान घालून बसला. तेवढ्यात दवाखान्यातल्या नर्सबाई पुढे आल्या. पांढरं लुगडं, हातात काळी छत्री, आवाज असा की वस्तीच्या या टोकाहून त्या टोकाला जावा. त्यांनी सांगितलं की आजारपणातही काही पैसे दर आठवड्याला मिळत राहतील.

"काम न करता?" नवऱ्याने विचारलं. "कोणाचे पैसे? मले दान नाई पायजे."

"दान कोण देऊन राह्यलं तुमाले?" नर्सबाई म्हणाल्या. "तुमच्या मिलमधले जे लोक आज उभे राहून काम करून राह्यले, त्यायच्या पगारातून हे येते. तुमी उभे होते तवा तुमचंही कोणाच्या तरी दुखण्यात गेलंच ना?"

घरी येताना मिलचा भोंगा झाला, दुसऱ्या पाळीची माणसं लोंढ्यानं आत शिरत होती. तो रस्त्याच्या कडेला थांबून पाहत राहिला.

"यातल्या अर्ध्या लोकाईले मी ओळखतही नाई," तो म्हणाला. एवढंच. पण त्याचा आवाज मी त्याआधी कधी तसा ऐकला नव्हता.

आमच्या खोलीला खिडकी नव्हती. इस्पितळात खाट मिळायला वेळ होता. डॉक्टर म्हणाले, गावाकडे मोकळी हवा असेल तर घेऊन जा. औषध इथून जाईल आणि सुया सौंसरच्या सरकारी दवाखान्यात टोचतील, तिथल्या डॉक्टरांना तसं कळवतो. आम्ही छोट्या गाडीत बसलो. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी लोधीखेडा, सौंसर करत रामाकोन्याला यायची. डब्यात तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता. तालमीतल्या गड्याचं ओझं मला जाणवतही नव्हतं.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. आठवड्यातून दोनदा बैलगाडीने सौंसरला जायचं, सुई घ्यायची, परत यायचं. त्याच सुमारास राज्यांची नवी वाटणी झाली. मराठी मुलूख म्हणून नागपूर मुंबई राज्यात गेलं. आम्ही मराठीच बोलणारे, पण सौंसर आणि पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहिले, आणि आमची राजधानी पार भोपाळला गेली. पारावर माणसं तावातावाने भांडत, कोण कुठे असायला हवं होतं म्हणून. माझ्या घरी त्याचा अर्थ एवढाच झाला की नागपूरहून येणारं औषध यायचं थांबलं.

सौंसरचा कंपाउंडर भला माणूस. त्याने रिकामं कपाट उघडून दाखवलं. "बाई, कचेऱ्या इकडच्या तिकडे होऊन राह्यल्या. नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं. औषध कोणाकडून मागवाचं हेच आमाले उमजत नाई. थोडं थांबा."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सुया चुकवायच्या नाहीत. थांबायचं किती? संध्याकाळी त्याचं अंग पुन्हा गरम लागायला लागलं. मी आत्याबाईंना म्हटलं, "मी नागपूरले जाते."

"एकटी?" त्यांनी विचारलं आणि खोकल्याची उबळ आली म्हणून त्या भिंतीला टेकल्या. चुलीच्या धुराचा खोकला म्हणून आम्ही तो कितीतरी वर्षं ऐकत होतो. मग त्या म्हणाल्या, "जाय. पोरीले मी पाहतो. भाकर बांधून घे."

विम्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा दुपार झाली होती. नर्सबाईंनी मला ओळखलं. माझं सांगणं अर्ध्यावर असतानाच त्यांनी माझा दंड धरला आणि सरळ डॉक्टरांच्या टेबलापुढे उभं केलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, टेलिफोन उचलला आणि म्हणाले, "सौंसर लावा."

टेलिफोन मी लांबून पाहिला होता. तो असा लगेच लागत नसे. आम्ही बाकावर वाट पाहत बसलो. नर्सबाईंनी मला चहा आणून दिला. शेवटी घंटी वाजली. सौंसरच्या डॉक्टरांना तिथल्या डाकघरात बोलावून आणलं होतं. आमचे डॉक्टर नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडून बोलत होते. त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ते नाव मी स्वतः कधी तोंडाने घेत नव्हते, आणि इथे दोन शहाणी माणसं, एक या राज्यातला, एक त्या राज्यातला, त्याच नावावर डोकं चालवत होती.

"रोगी माझा आहे, पण राहतो तुमच्याकडे," डॉक्टर म्हणत होते. "औषध मी देतो, टोचायचं तुम्ही. कागदांचं मागाहून पाहू."

मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "विचारताहेत, ताप संध्याकाळी येतो की दुपारपासून? तुम्हीच सांगा."

मी आधी डोक्यावरचा पदर नीट केला. नर्सबाई हसल्या, पण मला हसू आलं नाही. कानाला लावल्यावर एक दमदार आवाज आला, "हां बाई, बोला." मी म्हटलं, "दिवे लागले की येते जी. सकाळी नसते." तिकडून ते म्हणाले, "ठीक आहे. उद्याच घेऊन या त्यांना." सौंसर मला कानात ऐकू येत होतं. आमच्यासारख्या खोलीतल्या माणसाच्या तापासाठी तारा एवढ्या लांब जोडल्या जातात, हे मी कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

औषध माझ्याच हाती दिलं. दर महिन्याला मी येऊन घेऊन जायचं असं ठरलं. आणि नर्सबाई म्हणाल्या, "मी येते तुझं घर पाहाले. सायबाले विचारून घेतलं."

त्या खरंच आल्या. छत्री उघडून रामाकोन्याच्या स्टेशनवर उतरल्या आणि बैलगाडीत बसून गावात आल्या. गावातल्या बायका तोवर आमच्या दाराशी फिरकत नव्हत्या. रोगाची भीती होती, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण नागपूरची नर्स आली म्हटल्यावर सगळ्या कुंपणाशी जमल्या. नर्सबाईंनी आधी नवऱ्याची खाट बाहेर निंबाखाली काढायला लावली. थुंकीसाठी झाकणाचा डबा कसा ठेवायचा, त्यातली थुंकी कशी जाळायची हे मला दाखवलं. मागच्या मातीच्या भिंतीत खिडकी पाडायला सांगितली. मग आत्याबाई खोकल्या.

नर्सबाई त्यांच्याकडे वळल्या. "माय, हा खोकला कधीचा?"

"लय वर्षाचा. धुराचा हाय."

नर्सबाईंनी त्यांची पाठ तपासली, नाडी पाहिली, आणि मला बाजूला घेतलं. "सासूलेही तोच दिसते. कदाचित त्यायच्यापासूनच पोराले गेला असन. त्यायले उद्या सौंसरले ने. अन् मुलीले आजच्या आज इथून हलव."

आत्याबाईंनी ऐकलं होतं. त्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ मातीत बोट फिरवत राहिल्या. "माह्याच्यानं झालं का त्याले?" त्यांनी विचारलं.

"कोणाच्यानं झालं नाई, माय," नर्सबाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. "रोग हाय तो. त्याले माणूस कळत नाई."

"पण मी मिलमधली नाई. माह्यासाठी कोणाचे पैसे कापले? मले कोण औषध देईन?"

तो प्रश्न खरा होता. विमा फक्त कामगाराचा होता. घरातल्यांचा नव्हता, आणि शेतात राबणाऱ्या बाईचा तर नव्हताच. नर्सबाईंनी खोटं काही सांगितलं नाही. उद्याची वाट न पाहता त्या गाडी जुंपायला लावून आत्याबाईंना आणि मला घेऊन सौंसरला आल्या, तिथल्या डॉक्टरांशी बोलल्या. त्यांनी आत्याबाईंचा इलाज सरकारी दवाखान्यातूनच करायचं कबूल केलं. औषध कधी असायचं, कधी नसायचं. नसलं की कंपाउंडर छिंदवाड्याहून मागवून घ्यायचा. पण तो कधी आम्हाला हात हलवत परत पाठवायचा नाही.

मुलीला मी पांढुर्ण्याला आईकडे ठेवून आले. ती तेव्हा नुकती बोलायला लागली होती. गाडी सुटताना तिने मला हाक मारली, आणि मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरले असते.

त्या हिवाळ्यात आमच्या निंबाखाली दोन खाटा होत्या, एकीवर आई, एकीवर मुलगा. शेतात कापूस फुटून उभा होता आणि वेचायला मी एकटी. एका सकाळी शेतावर गेले तर कुंपणाशी जमलेल्या त्याच बायका वेचलेल्या कापसासाठी पदराच्या ओट्या बांधून कपाशीच्या ओळींत शिरल्या होत्या. कोणी बोलावलं नव्हतं. एक जण म्हणाली, "नर्सबाईनं सांगतलं, वावरात आल्यानं रोग होत नाई म्हणून. तू दवाखान्याचं पाय, हे आमी पाहतो." पलीकडच्या संत्र्याच्या बागवाल्याने टोपलीभर संत्री पाठवली आणि संपली की पुन्हा पाठवली. मी त्या पांढऱ्या शेताच्या बांधावर उभी राहून रडले. दुःखाचं रडणं नव्हतं ते. एवढं सगळं आपल्यासाठी चाललंय, हे अंगावर पेलत नव्हतं.

पुढच्या वर्षी दुसरा फोटो काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. पांढरं आवळून छोटा डाग राहिला होता. नवरा परत मिलमध्ये गेला, मागावर नाही, कापडाच्या घड्या घालायच्या हलक्या कामावर. आत्याबाई पूर्ण बऱ्या झाल्या नाहीत, पण उठून फिरू लागल्या, आणि शेत त्यांनी पुढे बरीच वर्षं पाहिलं. मुलगी पांढुर्ण्याहून आली तेव्हा मला ओळखायला तिने दोन दिवस घेतले.

नंतर एकदा नर्सबाई वस्तीत सांगत आल्या की आता कामगारांच्या घरच्यांनाही विम्याच्या दवाखान्यात पाहतील. मला बरेच दिवस कणकण होती. मी गेले आणि बायकांच्या रांगेत बसले. त्या दवाखान्यात मी कितीदा आले होते, पण दरवेळी त्याच्यासाठी. आत बोलावलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बसा. तुम्हाला काय होतंय?"

हा प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता. ते घाई न करता माझ्याकडे पाहत थांबले होते, आणि मी पदर सावरून, पायापासून सुरुवात करून, काय काय दुखतं ते सांगायला लागले.