वाडीच्या शाळेला आलेले आदेश

माणदेशात पाऊस कमी आणि आदेश भरपूर. त्यामुळं शाळेत नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. नवा आदेश आला, की महिन्याभरात किस्सा तयार.

आमची शाळा मेंढपाळांच्या वाडीतली. मास्तर दोनच, मी आणि हेडमास्तर कदम सर.

आधी आला अंड्यांचा आदेश. आठवड्यातून एकदा मुलांना उकडलेलं अंडं द्यायचं. त्या दिवशी वर्ग गच्च भरायचा. चौथीतली सारिका तर अंगात ताप घेऊन यायची. तिची आई हिराबाई, तिनं धाडस करून कोंबड्या घेतल्या आणि शाळेला अंडी पुरवायला लागली. जरा बरे दिवस आले, तोवर आदेश फिरला. अंडं बंद, केळं सुरू.

कदम सरांनी अवघडत तिला सांगितलं. हिराबाई शांतपणे म्हणाली, "सर, तुमचं सारखं ट्रेनिंग असतंय न्हवं? एक आमच्या कोंबड्यांचं बी ठेवा. केळी घालाय शिकतील."

मग हजेरीचा फोटो मोबाईलवरून पाठवायचं निघालं. वाडीत रेंज नाही, ती मिळते टेकडीवरच्या देवळापाशी. रोज सकाळी सगळी शाळा टेकडीवर. गणिताचा तास चढण्यात जायचा.

तालुक्याहून साहेबांचा फोन आला. "फोटो छान येतात, पण मुलं वर्गात का दिसत नाहीत?"

कदम सर म्हणाले, "साहेब, वर्गात असली की ती तुम्हाला दिसत नाहीत."

शेवटी पट कमी म्हणून शाळाच बंद करून मुलं मोठ्या गावच्या शाळेत घालायचं ठरलं. साहेब वाडीत येऊन गुणवत्तेवर बराच वेळ बोलले. फौजेतून रिटायर झालेले सुभेदार तात्या उठले.

"सायेब, बर्फात आमच्या चौकीवर आमी चौघंच हुतो. गर्दी न्हाई म्हणून कुणी चौकी उठवली न्हाई."

साहेबांनी पाणी मागितलं.

शाळा गेलीच. कदम सर वाईला, मी सांगलीकडं. मुलांना न्यायला गाडी मिळणार होती. ती थोडे दिवस आली, मग यायची थांबली. पोरं सायकलवर जायला लागली. वाट ओढ्यातली, सुनसान, म्हणून पोरींना घरच्यांनी धाडलं नाही.

पुढचं तात्यांनी फोनवर सांगितलं. शाळाबाह्य मुलं शोधायची मोहीम निघाली आणि तेच साहेब वाडीत आले. माळावर सारिका शेरडं राखत होती. साहेबांनी गाडी थांबवून मायेनं विचारलं, "बाळ, तू शाळेत का जात नाहीस?"

"मी जातच हुते की," सारिका म्हणाली. "मग शाळाच गेली."