बर्फाच्या खोलीबाहेर

माझ्या मुलीनं चिखलीला फिजिओथेरपीचं केंद्र काढलं आणि त्यात बर्फाची खोली बसवली, तेव्हा आमच्या अमडापुरात बहुतेकांना वाटलं की पोरीला कुणीतरी मशीन गळ्यात मारलं. खरं म्हणजे त्या खोलीत बर्फाचा खडासुद्धा नाही. यंत्रानं गार केलेली कोरडी हवा असते, शून्याच्या खाली शंभर अंशांहून जास्त, आणि माणसानं अंगावर थोडे सुती कपडे, हातमोजे, लोकरी पायमोजे आणि तोंडावर मास्क घालून तिच्यात तीनेक मिनिटं उभं राहायचं. या उपचाराचं नाव क्रायोथेरपी. मी दोन-चार जणांना ते नाव शिकवून पाहिलं आणि नाद सोडला. नोकरीभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे कुठे थांबायचं हे मला कळतं.

मुलीची अडचण वेगळीच होती. आमच्याकडे सांधे धरणं म्हणजे वात आणि वात म्हणजे थंडी, याबद्दल कुणाचं दुमत नाही. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधायचा, विटेचा शेक घ्यायचा, सकाळी कानाला फडकं गुंडाळल्याशिवाय अंगणात पाय टाकायचा नाही. अशा मुलखात ती म्हणत होती की सूज गारव्यानंही उतरते. शेजारचे एक शेतकरी मुद्दाम खोली बघायला आले. काचेतून आत डोकावले, दार ठोकून पाहिलं आणि मुलीला म्हणाले, ‘‘बाई, थंडीनं धरलेलं थंडीनंच कसं सुटन?’’ उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत.

त्यात ती खोटं बोलायला तयार नव्हती. येईल त्याला सांगायची की यानं आजार जात नाही. दुखणं काही तास मागे हटतं, कुणाचं जास्त, कुणाचं कमी, आणि कुणाला काहीच वाटत नाही. तेवढ्या वेळात हातपाय हलवून घ्या, व्यायाम करा, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका. मला तिचा अभिमान वाटायचा आणि ही दुकान कसं चालवणार अशी काळजीही वाटायची. पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं यायची, मांड्या धरल्या म्हणून. खिदळत आत जायची, कुडकुडत बाहेर यायची आणि फोटो काढायची. पण जिच्या डोळ्यांसमोर तिनं हे सगळं मांडलं होतं ती बाई काही येत नव्हती. ती बाई म्हणजे तिची आई.

माझ्या बायकोला आमवात आहे. त्या आजारानं तिच्या अंगावरचं एकेक उतरवलं. आधी पायाची बोटं सुजली आणि जोडवी कापून काढावी लागली. मग हाताचे सांधे असे फुगले की बांगड्या चढेनात. होत्या त्या वाढवल्या आणि नवीन भरल्या नाहीत. कासारणीच्या दुकानावरून जाताना ती मान दुसरीकडे वळवायची. राहिलं फक्त गळ्यातलं.

मुलीला दिवस गेले होते. आमच्या घरात होणाऱ्या प्रत्येक मुलासाठी हिनं हातानं दुपटं शिवलंय, जुन्या मऊ लुगड्यांची घडी घालून, बारीक धावदोऱ्यानं. भावाच्या, नणंदेच्या, शेजारणीच्या लेकरांनाही तिच्याच दुपट्यात गुंडाळलं गेलं. आता स्वतःच्या लेकीची वेळ आली आणि तिला सुई धरता येईना. एक कड शिवून झाली होती, ती कशी झाली हे मी पाहिलंय. दोन टाके घालायची, हात मांडीवर ठेवून बसायची, पुन्हा दोन टाके. बाजारातून आणू, असं मी एकदा म्हणालो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून बाहेर गेलो.

मुलीनं तिला सगळं तपासून सांगितलं होतं: रक्तदाब ठीक आहे, हृदय ठीक आहे, डॉक्टरांचीही हरकत नाही, ये. स्वतः मुलीला दिवस असल्यामुळे त्या खोलीत जायला मनाई होती. लोक विचारायचे, ‘मंग तुम्ही काऊन जात नाही आत?’ आई गेली असती तर त्या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं. पण मुलीचं मन त्यात नव्हतं. तिला आईच्या हातचं दुपटं पाहिजे होतं आणि ते तिनं तोंडानं कधी मागितलं नाही.

अडलं ते मंगळसूत्रावर. आत धातू चालत नाही. तो कातडीच्या आधी गार होतो आणि चटका देतो. बायकोनं हे शांतपणे ऐकून घेतलं आणि जमणार नाही म्हणाली. मी चिडलो. तीन मिनिटांचा प्रश्न, त्यात मी तिच्यासमोर धडधाकट उभा. मी तिला धातूची उष्णतावाहकता समजावून सांगितली, आणि गळ्यातल्या दोन वाट्यांचा माझ्या छातीच्या ठोक्यांशी काही संबंध नसल्याचंही.

‘‘मी जिता हाओ ना तुह्या पुढे,’’ मी शेवटी म्हणालो.

‘‘म्हनूनच तं काढत नाही,’’ ती म्हणाली.

आमचा तो विषय बंद झाला.

मग एका सकाळी ती आपणहून म्हणाली की चला, आज जाऊ. मला वाटलं, पटलं एकदाचं. एसटीत मी तिला खिडकीशी बसवलं आणि चिखली येईपर्यंत स्वतःवर खूश होतो. केंद्रात गेल्यावर तिनं मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. पोरं चड्डी-बनियनवर जातात; आई तशी जाणार नाही हे ओळखून मुलीनं तिच्या मापाचा पातळ सुती सदरा शिवून ठेवला होता, बंद गळ्याचा. तिनं आईचे तळहात पुसले, तळपाय पुसले, पाठीवरून हात फिरवला. अंगाला तेल नाही ना, घाम नाही ना, अंगावर काही धातू नाही ना, असं विचारलं. आई नाही म्हणाली. ती आत गेली, तीन मिनिटांनी बाहेर आली, खुर्चीवर बसली. थोड्या वेळानं तिनं चहाचा ग्लास एका हातानं उचलला. कितीतरी महिने ती दोन्ही हातांनी ग्लास धरत होती.

आम्ही तिघंही त्या ग्लासकडे बघत होतो, म्हणून तिच्या मानेकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. कपडे बदलताना मुलीला ते दिसलं. सदऱ्याच्या आत, गळ्याभोवती, हळकुंड बांधलेला पिवळा दोरा.

आमच्याकडे दवाखान्यात ऑपरेशनसाठी बाईचं मंगळसूत्र काढावं लागलं तर गळा मोकळा नको म्हणून हळदीचा दोरा बांधतात. हिनं तीच तोड काढली होती. दोऱ्यात धातू नाही, म्हणजे मुलीच्या नियमात बसतं, आणि गळा मोकळा नाही, म्हणजे तिच्या नियमात बसतं. फक्त दोरा पिवळा करायला तो ओल्या हळदीत बुडवावा लागतो. सकाळी वाटीत हळद कालवून तिनं तो बुडवला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला; चिखलीपर्यंत तो ओलाचिंब राहिला, आणि सदरा घालताना तिनं तो गुपचूप गळ्यात घातला. कोरड्या हवेत माणूस तीन मिनिटं निभावतो. ओलं फडकं, ओला दोरा जागच्या जागी गोठतो. मुलीनं दोरा कापला तेव्हा खाली मानेभोवती पांढरा वळ होता. दुपारपर्यंत तो लाल झाला आणि संध्याकाळी त्यावर फोड आले.

मुलगी एवढंच म्हणाली, ‘‘आई, मी विचारलं होतं ना तुले?’’

‘‘धातूचं विचारलं तू,’’ आई म्हणाली. ‘‘हळद थोडीच धातू असते.’’

मुलगी आतल्या खोलीत जाऊन रडली. मला दोघींचाही राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं की जखम पूर्ण भरेपर्यंत गळ्यात काही म्हणजे काही घालायचं नाही. तीन मिनिटं गळा मोकळा नको म्हणून जिनं हे केलं, तिला आता कित्येक आठवडे मोकळ्या गळ्यानं राहायचं होतं.

ती घराबाहेर पडेनाशी झाली. कुणी आलं की पदर गळ्याभोवती घ्यायची, आणि पदर घासला की जखम चिडायची. मला ठसका लागला तरी हातातलं काम टाकून यायची. पहाटे जाग आली की मला दिसायचं, ती कुशीवर वळून माझ्या छातीकडे बघत असते. मी एकदा खेकसलो की अजून श्वास चालू आहे, झोप. ती झोपली नाही. सकाळी तिनं रुमालातलं मंगळसूत्र काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

‘‘तवरक तुम्ही घाला,’’ ती म्हणाली. ‘‘डब्यात ठेवाची चीज नाही ते.’’

मी विज्ञानाचा मास्तर. गावात भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की लोक माझ्यादेखत विषय बदलतात. मी नाही म्हणालो असतो, पण तिचा हात दुखत होता आणि तो तिनं खाली घेतला नाही. मी मान पुढे केली. त्यानंतरचे दिवस मी उकाड्यातही गळ्याचं बटण लावून हिंडलो. बसस्टँडवर चहा प्यायला जायचो तर मित्र विचारायचे की थंडी वाजून राह्यली का मास्तर. कटिंगला जायची सोय नव्हती, केस मानेवर आले. काळे मणी घामानं टोचायचे. वाट्या छातीवर थोड्या डावीकडे येतात, हे मला आधी माहीत नव्हतं.

तिकडे चिखलीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पोरीनं सख्ख्या आईलाच जाळलं, असं म्हणणारे निघाले, आणि बर्फानं कसं जाळलं, असं विचारणारेही. भरतीची पोरं येत राहिली, बायांनी पाठ फिरवली. मुलगी कुणाला खुलासा देत बसली नाही. तिनं एक केलं: येणाऱ्या बाईला धातूचं विचारून झालं की गळ्यात, दंडात, कमरेला काय बांधलंय ते विचारायचं आणि स्वतःच्या हातानं चाचपून बघायचं. आईला मात्र तिनं फोनवर सांगितलं की आता यायचं नाही. दुपटं राहू दे. बाळ काही उघडं राहत नाही.

बायकोनं फोन ठेवला आणि ते एका कडेचं दुपटं ट्रंकेतून काढून पाहिलं. तिची बोटं पुन्हा होती तशी झाली होती. त्या एका दुपारी ती मोकळी झाली होती, आणि ती दुपार मलम लावण्यात गेली होती, याचं तिला फोडांपेक्षा जास्त वाईट वाटत होतं. मुलीचे दिवस भरत आले होते.

मानेवरची खपली पडली, खाली गुलाबी कातडी आली, डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं. मी मंगळसूत्र काढून दिलं, तिनं घातलं. मला हायसं वाटलं आणि मी त्याच दिवशी कटिंग करून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन दारात उभी. पिशवीत दुपटं, सुई-दोरा आणि चष्मा. परतीच्या एसटीत वेळ वाया जाऊ नये म्हणून ती केंद्रातच बसून शिवणार होती.

मुलगी आधी नाहीच म्हणाली. आई बाकावर बसून राहिली. बाकावर आणखी दोघी बाया होत्या, नुसत्या चौकशीला आलेल्या. शेवटी मुलीनं तिला आत नेलं, मानेवरून, पाठीवरून, काखेतून हात फिरवला, कोरड्या पंच्यानं पुन्हा पुसलं. नवी कातडी नीट बघितली, मऊ कोरडं कापड तिच्यावर गुंडाळलं. आज कमी वेळ, आणि मी खूण केली की त्या क्षणी बाहेर, असं कबूल करून घेतलं. दोरा नव्हता. सदरा घालून बायको बाहेर आली, त्या दोघींच्या देखत माझ्यासमोर उभी राहिली आणि गळ्यातलं काढून तिनं माझ्या गळ्यात घातलं, शर्टाच्या वरून. मी इकडेतिकडे पाहिलं नाही.

ती आत गेली. दार बसल्यावर काचेमागे धुकं भरलं. तिचा चेहरा मास्कखाली होता, दिसत होते ते डोळे, आणि मग धुकं वर आलं आणि तेही दिसेनात. त्याच वेळी छतावरची ट्यूब एकदा फडफडली. चिखलीत वीज अशी रोजच फडफडते. मशीनला वेगळी लाईन आहे, जनरेटर आहे, दार आतून नुसतं ढकललं तरी उघडतं, हे सगळं मला माहीत होतं. मीच बायांना समजावून सांगितलं असतं. मी काचेला नाक लावून उभा होतो. आत काही हलत नव्हतं. ही गेली तर, असं माझ्या मनात आलं, अगदी याच शब्दांत.

मग दार उघडलं, गार हवा पायांवर आली आणि ती बाहेर आली. खुर्चीवर बसली, मोजे काढले, बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. पिशवी ओढून घेतली आणि चष्मा शोधू लागली. मग माझ्यापुढे हात केला.

‘‘द्या,’’ ती म्हणाली.

मी द्यायला गेलो तर हात उघडेना. दोन्ही वाट्या मुठीत होत्या, इतक्या घट्ट की बोटं पांढरी पडली होती. मुलगी जवळ आली, एरवी पेशंटचं सोडवते तसं माझं एकेक बोट सोडवू लागली.

‘‘बाबा,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘सोडा आता. आई आली बाहेर.’’