करंटचा डबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि सुरुवात केलीच आहे तर आता पूर्ण सांगतो.

हिंगोलीत कुणाला स्वस्तात गेमिंग कॉम्प्युटर जुळवायचा असला की तो माझ्याकडे येतो. तसा मी हळदीच्या आडतीवर कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस. पण प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड नवं की वापरलेलं — विचारा, चहा संपायच्या आत यादी लिहून देतो. आणि चुकत नाही, हे छातीठोक सांगतो. माझ्या यादीची पहिली ओळ कायम एकच: पॉवर सप्लाय चांगला घ्या, तिथे हात आखडू नका. लोक हसतात. सगळं जग ग्राफिक्स कार्डापासून सुरू करतं, हा बाबा वीज पुरवणाऱ्या डब्यापासून. मग म्हणतात, अनुभवी माणूस आहे. अनुभवच आहे — पण कसला, ते कुणी विचारत नाही.

माझा पहिला कॉम्प्युटर मी आणि मुनीरने भागीत घेतला. मुनीर माझा शाळेपासूनचा दोस्त, कनेरगाव नाक्याचा वायरमन. त्याने नवी खोली बांधली होती, तिची वायरिंग स्वतः केली होती. कॉम्प्युटर तिथेच ठेवायचा आणि रविवारी दोघांनी खेळायचं, असं ठरलं. भाग निवडायचं काम माझं. त्याने एकच गोष्ट मागितली.

"बाकी तुला पटंल ते आण, मला त्यातलं समजत न्हाई. पण करंटचा डबा बराबर घे. समदं त्याच्यावरच चालतंय."

खरेदीला मी एकटाच नांदेडला गेलो. यादी खिशात होती आणि ती बरोबर होती. पण दुकानात ते कॅबिनेट दिसलं — एका बाजूला काच, पुढे तीन रंगीत पंखे. ते घ्यायचं तर दुसरं काहीतरी कापावं लागणार. काय कापू? प्रोसेसर कापला तर गेम अडखळणार. कार्ड कापलं तर पडद्यावर कळणार. पॉवर सप्लाय मात्र पत्र्याच्या झाकणामागे जातो, काचेतून दिसतच नाही. मी बिननावाचा उचलला. मुनीरने विचारलं, डबा चांगला आणला ना? मी म्हणालो, एक नंबर.

दोन महिने मजेत गेले. मग एका रविवारी भर दुपारी, खेळ ऐन रंगात असताना, फट्‌ असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि सगळं बंद पडलं. मी मशीन नांदेडला नेलं. कारागिराने डबा उघडून आतले फुगलेले, काळे पडलेले भाग दाखवले. म्हणाला, लाइनचा काही दोष नाही, या डब्यानेच मदरबोर्ड आणि कार्ड खाल्लं. इतकं स्पष्ट.

परतताना एसटीत, कळमनुरीपर्यंत तरी, माझा विचार खरं सांगायचाच होता — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटं. मी सबब शोधत होतो, आणि ती सापडली. मी मुनीरला म्हणालो, तुझ्या अर्थिंगमध्ये गडबड आहे.

वायरमनला असं म्हणणं म्हणजे काय, कळतंय का तुम्हाला? तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरला, नवी पट्टी घातली, मीठ-कोळसा भरला, वरून पाणी सोडलं. पाण्याची बादली मीच आणून दिली — हो, मीच. पुढे तो चारचौघांत सांगू लागला, माह्या चुकीनं आमची मशीन जळाली. लोकांनी ऐकलं. नाक्यावरच्या दोन धाब्यांची कामं दुसऱ्याकडे गेली. मग त्यानेच घरांची वायरिंग घेणं सोडलं. आता विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतो.

मी काही भिणारा माणूस नाही. आडतीच्या मालकालाही तोंडावर ऐकवतो. इथेच तेवढं तोंड उघडलं नाही. मला ते सोपं पडलं, म्हणून.

मागच्या महिन्यात मुनीर आडतीवर आला. पुन्हा कॉम्प्युटर जुळवू, म्हणाला. मी यादी लिहिली, पहिली ओळ तीच. त्याने ती वाचून मान हलवली.

"या खेपेला तुह्या घरी ठेवू. माह्या घरच्या लाइनीचा भरवसा न्हाई."

त्याच्या घरच्या लाइनीसारखी चोख लाइन मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिलेली नाही. मी म्हणालो, "बराबर हाय."

कॉम्प्युटर आता माझ्या घरी आहे. मुनीर दर रविवारी येतो. बटण तो दाबत नाही, मला दाबायला सांगतो. मी दाबतो.