फोनला आमची बोली शिकवताना

आईचं आणि फोनचं पहिल्यापासून वाकडं होतं. माईकचं चित्र दाबून बोललं की फोन आपोआप लिहितो, हे मी तिला मोठ्या हौसेनं दाखवलं होतं. पण ती बोलायची एक आणि फोन लिहायचा भलतंच. ‘मेल्याला कान हायेत का न्हाईत?’ म्हणत ती तो माझ्या मांडीवर टाकायची, आणि भावाला धाडायचा निरोप शेवटी मीच बोटांनी लिहायची.

भाऊ फौजेत. त्याची चौकी कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर. तिथं फोन लागायचा नाही, आवाजाचे निरोप अडकून पडायचे, लिहिलेली अक्षरं तेवढी कशीबशी पोचायची. आणि आईला अक्षरओळख नाही. आम्ही माण तालुक्यातले, म्हसवडच्या अलीकडचे, मेंढरांमागं हिंडणारे. तिच्या लहानपणी शाळा एका गावात आणि बिऱ्हाड दुसऱ्याच शिवारात. त्यामुळं लेकाशी तिचं बोलणं व्हायचं ते माझ्या हातून. ‘लिव, बरी हाय म्हनावं,’ ती सांगायची. मग थोडं थांबून, ‘ऱ्हाऊ दे, एवढंच लिव.’ तिला पुढं काहीतरी सांगायचं असायचं. माझ्यासमोर ते निघायचं नाही.

मी सांगलीला एम.ए. करायला गेले तेव्हा अभ्यासात भाषा, व्याकरण आणि संगणक असं त्रांगडं होतं. व्याकरण म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचं शास्त्र, असं घरच्यांना वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी आपापल्या घरातली वाक्यं फळ्यावर लिहायला लावली. मी आईचं एक वाक्य भीतभीत लिहिलं, आता सगळ्या वर्गासमोर शोभा होणार म्हणून कान तापले. मॅडमनी ते पुसलं नाही. त्या वाक्याखाली रेघा मारत गेल्या. हे क्रियापद, हा त्याचा प्रत्यय, हा कर्त्यामागं चालतो, कर्ता बदलला की हा बदलतो, आणि दर वेळी असाच बदलतो.

मी बघतच राहिले. आमची बोली म्हणजे पुस्तकातल्या भाषेचे खाली सांडलेले तुकडे, असं मी धरून चालले होते. इथं तर अख्खं घर उभं होतं, दारं-खिडक्यांसकट, आणि ते बांधायला कुणीही कधी बसलं नव्हतं. शेळ्या वळता वळता, भाकरी थापता थापता माणसांनी ते उभं केलं होतं. त्या दिवशी होस्टेलवर जेवताना पोरींच्या गप्पांकडं माझं लक्षच नव्हतं. आमटी वाढणाऱ्या मावशी बोलत होत्या आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. ‘काय गं, मीठ कमी पडलं काय?’ त्यांनी विचारलं.

लॅबमध्ये तर दुसरंच नवल. तिथं आवाज डोळ्यांना दिसायचा. बोललेलं पडद्यावर डोंगरदऱ्यांसारखं उमटायचं. प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी मॅडमना सरळ सांगितलं की माझ्या आईचं बोलणं फोनला कळत नाही, ते कळायला पाहिजे. त्या म्हणाल्या, ‘मग त्याला शिकवायला लागेल. तुझ्या माणसांचे आवाज आण, आणि ते जसं बोलतात तसंच लिहून आण. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून यंत्राला दाखवायचं. भरपूर दाखवलं की ते शिकतं.’ सोपं वाटलं. गावाकडची माणसं आणि बोलायची पंचाईत, असं कुठं असतं का!

पण आमच्याकडं माईक म्हणजे काय, हे मी विसरले होते. माईक म्हणजे लग्नातले आहेर पुकारणं, यात्रेतल्या कुस्त्या, नाहीतर झेंडावंदन. रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर चुलते इस्त्रीचा सदरा घालून, फेटा बांधून आले. फोनसमोर उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, ‘उपस्थित मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो!’ चुलतीनं रेडिओवरच्या बाईसारखं ‘आम्ही बाजरीची पेरणी करीत आहोत’ असं सुनावलं. जन्मात कधी ‘करीत आहोत’ न म्हटलेली बाई! आणि आई? तिनं पदर सावरला, फोनकडं बघून हात जोडले आणि म्हणाली, ‘नमस्कार. मी बरी आहे.’ बास, तेवढंच.

सांगलीत मॅडमनी हे ऐकलं आणि हसू आवरेना म्हणून चष्मा काढून ठेवला. ‘अगं, ही माणसं बोलत नाहीयेत. पाहुण्यासमोर बसलीयेत.’ असल्या आवाजांवर शिकवलेल्या यंत्राला आई काही कळली नाही. मी मनातून खचले. दोन-तीन महिन्यांत प्रोजेक्ट द्यायचा होता. पण मला धास्ती होती ती मार्कांची नव्हती.

चैत्रात मेंढरं कातरायचा दिवस आला. आमच्यात कातरणी एकट्यानं होत नाही. आज याची, उद्या त्याची, अशी भावकी एकमेकांच्या मेंढरांच्या वाड्यावर जमते, कातरी घेऊन रांगेनं बसते, आणि हातापेक्षा तोंडं जोरात चालतात. मी सगळ्यांना विचारलं, फोन कुंपणाच्या खांबाला बांधते, चालंल का? ‘बांध की, त्येलाबी जरा वारं लागंल,’ चुलते म्हणाले. पहिलं मेंढरू कातरून होईस्तोवर लोक जरा जपून बोलले. मग विसरले.

‘आवं भावजी, कातरताय का सोलताय त्याला?’ आईचा आवाज आला.

‘वयनी, तुमी आदी च्या आना. बिनच्याचं हात असंच चालत्यात!’

त्या दिवशी माझी आई मला पहिल्यांदा ऐकू आली असं म्हटलं तरी चालेल. ती हुकूम सोडत होती, चेष्टा करत होती, लंगड्या कोकराची समजूत काढत होती. मेंढरं बें बें करत होती, कातऱ्या वाजत होत्या, आणि या सगळ्यातून तिची वाक्यं सुतासारखी सरळ येत होती. भावकीतल्या पुढच्या कातरण्यांनाही मी फोन असाच बांधला, आणि ते सगळं ऐकून लिहिताना मिनिटभराच्या बोलण्याला तास जायचा. मला कंटाळा म्हणून आला नाही. उलट एखाद्या वाक्यापाशी मी थांबून राहायची, की हे हिला कुणी शिकवलं असेल?

यंत्राला सगळं शिकवून झाल्यावर मी लॅबमध्ये त्यानं कधीच न ऐकलेला एक तुकडा लावला. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. मग पडद्यावर अक्षरं उमटली. ‘कोकरू हिकडं आन गं, त्याला भूक लागलीया.’ मेंढरांचा कालवा बाजूला सारून त्यानं माझ्या आईला ओळखलं होतं, आणि सुधारलं नव्हतं. मला रडू आलं आणि हसूही. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

ते फोनात बसवून मी घरी गेले. आई पहिल्यांदा पुन्हा ‘नमस्कार’वर गेली. ‘आये, पावन्यासारखं नगं,’ मी म्हटलं. ‘मेंढरं वळताना बोलतीस तसं बोल.’ तिनं माझ्याकडं रागानं पाहिलं आणि फोनला म्हणाली, ‘कवा येनार हायेस रं तू?’

मी उमटलेलं वाचून दाखवलं. जसंच्या तसं.

‘आसंच म्हनले मी?’

‘आसंच.’

तिनं त्या ओळीवरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘आता तू जा भायेर.’

‘अगं, चुकलं तर? मी वाचून बघते ना.’

‘चुकंना चुकलं तर. इतकी वर्सं तुज्या हातानं बोलले त्याच्यासंगं. आय-लेकाचं सगळंच तुला कळाय पायजे व्हय?’

मी बाहेर आले. थोडा राग आला होता, खोटं कशाला बोलू. दार लोटलेलं होतं. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ती थांबायची, पुन्हा बोलायची. ज्या आवाजाचा उंचसखलपणा मला पाठ झाला होता, तो कधी नव्हे इतका खाली उतरला होता, आणि बोलणं काही संपत नव्हतं.

भाऊ सुट्टीवर आला तेव्हा मी न राहवून त्याला विचारलंच, की त्या दिवशी काय निरोप होता. त्यानं खिशातल्या फोनवर हात ठेवला.

‘आयनं लिवलेलं हाय ते,’ तो म्हणाला. ‘तिला इचार.’