छत्रीची पेटी

कशालाही चांगलं किंवा वाईट न म्हणता पंचविशी गाठलेला माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो नेमका माझा आतेभाऊ निघाला. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात वाढला तोवर हा पोरगा अगदी माणसासारखा होता. काकडी कडू लागली की थुंकायचा. हैदराबादहून मात्र तो संशोधक होऊन परतला आणि थेट आमच्या गावी मुक्कामाला आला. वर्तमानपत्र ऐकून खेड्यातला मतदार आपला विचार बदलतो का, हा त्याचा विषय. पहिली मोठी निवडणूक तोंडावर आली होती. संशोधकाची सावलीसुद्धा मतदारावर पडता कामा नये, नाहीतर प्रबंध बाद, असं त्याच्या प्राध्यापकांनी बजावलं होतं. प्राध्यापक बोलून मोकळे झाले आणि इकडे आमच्या घरात सोवळं सुरू झालं. आई ताटात वाढताना विचारायची, "भाजी कशी झालीया रे?" हा खाली मान घालून म्हणायचा, "मामी, त्यावर माझं काही म्हणणं नाही." आईनं त्या हंगामात किती भाज्या रागारागानं करपवल्या असतील, देव जाणे!

खरी पंचाईत चिन्हांनी केली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह डकवलेलं असे. बैलजोडी, झोपडी, झाड, दिवा. चिन्हं ठरवणाऱ्यांनी खेड्यातलं काही म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं. आमचे चिरंजीव मग बैलगाडीत बसेनात, कारण बैलांचा प्रचार होईल. झाडाखाली टेकेनात, कुणाच्या झोपडीत पाणी पिईनात. तिन्हीसांजेला आईनं दिवा लावला की हे उठून अंगणात. सोनपेठच्या बाजाराला सगळा गाव गाड्या जुंपून गेला, तेव्हा हा गाड्यांमागून धूळ खात चालत आला आणि वर "गाडीला माझा विरोध आहे असंही समजू नका" हे प्रत्येकाला सांगत आला. सावलीसाठी त्याच्याकडे उरली एक काळी छत्री. ती तो झोपतानाही उशाशी ठेवी.

रोज दुपारी मारुतीसमोरच्या उघड्या मैदानात छत्री उघडून तो रेल्वेनं आलेलं शिळं वर्तमानपत्र मोठ्यानं वाची. कुठल्याही बातमीवर जोर पडू नये म्हणून पुढाऱ्याचं भाषण आणि केशतेलाची जाहिरात तो एकाच सुरात वाची. लोकांना तेलाची जाहिरात फार आवडे. वाचून झालं की प्रश्न ठरलेला, "आता तुमचा विचार बदलला का?" आमचा वाटेकरी एकदा हात जोडून म्हणाला, "बदलायचा हाय का? सांगा, बदलतो. पाव्हण्याला नाराज कशापायी करायचं?" सावली पडलेलं उत्तर म्हणून त्यानं ते टिपून घेतलं नाही.

मतदानाच्या दिवशी तो अंगणात छत्रीखाली बसून लोक परतायची वाट पाहत होता. मी गाडीची चाकं वंगणत होतो. तेवढ्यात शेजारची गोदाआजी घामाघूम होऊन आली. तिनं पदराची गाठ सोडली आणि मतपत्रिका काढून त्याच्या हातात ठेवली.

"छत्रीची पेटी कुटं हाय म्हून साहेबाला इचारलं. साहेब म्हनला, असली पेटीच न्हाई. मग दुसऱ्याच्या पेटीत टाकून तुला दगा देऊ व्हय? आनला कागद तुझ्याकडंच. घे."

आतेभावाचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "आजी, मी कुठं उमेदवार आहे?"

"मग येवढं उनातानात बसून, छत्री घिऊन, कशाला जीव जाळायलायस? समदा गाव म्हनतो, हा आपला छत्रीवाला. बाकीचे पुरुष गुमान कुटं बी टाकून आले. मला न्हाई जमलं." मग पदराची सुटलेली गाठ पुन्हा मारत ती म्हणाली, "आज साहेबानं माजं नाव पुकारलं रं. गोदाबाई म्हून. लगीन झाल्यापून मला नावानं कुणी हाक मारली न्हवती."

प्रबंध तर गेलाच होता. सावली सोडा, त्याचा सगळा देहच गावावर पडला होता. पण आता आजीचं मत जाणार होतं. सूर्य कलला होता आणि मतदानाची चावडी शेजारच्या गावात, कोसभर लांब. मी पटकन गाडी जुंपली. तो ओरडला, "गाडी नको! बैलजोडी बघून ती त्याच पेटीत टाकेल!" आणि या काडीपैलवानानं आजीला पाठुंगळी घेतलं. जोंधळ्याच्या धाटांतून तो धापा टाकत पळतोय, पाठीवर आजी डोक्यावर छत्री धरून बसलीय, आणि मागून मी रिकामी गाडी हाकतोय, अशी आमची वरात निघाली.

"मग टाकू कुणाला, येवढं तर सांग," आजी वरून विचारत होती.

"नाही सांगणार. मेलो तरी नाही," तो खालून म्हणत होता.

चावडीत साहेब पेट्या आवरायच्या बेतात होते. "कागद बाहेर गेला, आता चालायचं नाही," म्हणाले. आतेभावानं आजीला अलगद खाली उतरवलं, आणि ज्यानं कडू काकडीलाही कडू म्हणणं सोडलं होतं, तो टेबलावर हात आपटून गरजला, "हे चूक आहे, साहेब! साफ चूक आहे! पुकारा तिचं नाव!" मी कासरा धरून पाहतच राहिलो. मला त्याचा इतका अभिमान वाटला की बैल सोडून त्यालाच मिठी मारावी. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा खणखणीत पुकारलं, "गोदाबाई!"

आजी पडद्याआड गेली. बराच वेळ आतच होती. बाहेर आली ती पदर सावरत, अगदी तोऱ्यात. "इचार की," ती म्हणाली.

महिनाभर तोच एक प्रश्न विचारत हिंडलेला माझा आतेभाऊ नुसता हसला. "नको, आजी. ते तुझं तुझ्यापाशी राहू दे."

आमचं गाव त्यानं प्रबंधातून काढून टाकलं. दुसऱ्या गावांवर तो पुरा केला, पदवीही मिळवली. जाताना छत्री मात्र आजीच्या दारात विसरला. विसरला असं तो म्हणे. पुढच्या निवडणुकीला तो आला तेव्हा आजी नव्हती. तिच्या दारातल्या लिंबाच्या झाडाखाली तो दुपारभर बसून राहिला. संध्याकाळी आमच्याकडे दिव्याच्या उजेडात जेवायला बसला. आईनं आता विचारणंच सोडून दिलं होतं. त्यानं एक घास खाल्ला, आजीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामी, भाजीत मीठ कमी आहे."

आईनं हातातली पळी खाली ठेवली. मग तिनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "आणते रे बाबा, आत्ता आणते."