फ्रान्सिस अंकलचे व्हॉल्व्ह

हे बायकोला माहीत नाही. ज्या मित्रांबरोबर दर रविवारी गाणी ऐकत बसतो, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी डोंबिवलीचा. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे अ‍ॅम्प्लिफायर हे माझं वेड. टिटवाळ्यापासून ठाण्यापर्यंतचे लोक व्हॉल्व्ह निवडायला माझ्याकडे येतात. काचेवरची छपाई पुसलेली असते, आणि शाबूत असली तरी तिचा काय भरवसा? मी एकेक लावतो, पेन्सिलीने हलकेच टिचकी मारतो. ती स्पीकरमध्ये घुमली की तो बाद. उरलेले जोडीने ऐकतो. लोक म्हणतात, तुझ्या कानांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

फ्रान्सिस अंकलनी ठेवला.

ते ठाण्याला कोपरीत राहायचे. चर्चच्या क्वायरला गाणं शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सगळे एकत्र गात असताना एखाद्याचा सूर जरा हलला, तरी अंकलचं बोट नेमकं त्याच्याकडे वळायचं. त्यांचा धाकटा भाऊ बोटीवर होता. त्याने परदेशातून त्यांना व्हॉल्व्हवर चालणारा एक प्रीअ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी जोडायचा डबा, आणून दिला होता. भाऊ गेला, प्रीअ‍ॅम्प राहिला. त्यावर अंकल आपल्याच क्वायरची जुनी रेकॉर्डिंग ऐकत बसायचे.

एकदा डाव्या बाजूने खरखर यायला लागली, म्हणून त्यांनी मला बोलावलं. व्हॉल्व्ह तपासायला मी घरी आणले. दोष त्यांच्यात नव्हताच — खालच्या पिनांवर मळ साचला होता, एवढंच. पुसले आणि ऐकून बघावं म्हणून माझ्या प्रीअ‍ॅम्पमध्ये लावले.

कसं सांगू? गाणारी बाई श्वास घेते, तो श्वास ऐकू आला. इतकी वर्षं मी लोकांसाठी व्हॉल्व्ह निवडत होतो, आणि माझ्या हाती असली जोडी कधी लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोपरीला गेलो आणि म्हणालो, "अंकल, व्हॉल्व्ह गेलेत." त्यांच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये मी नवीन, साधी जोडी बसवली. जुने त्यांनी परत मागितले नाहीत. मागितले असते, तर दिले असते का? — नसते. आता खोटं कशाला बोलू?

पण चोरी ही कबुली नाही. ती पुढे आहे.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "अरे संजय, क्वायरच्या मुलींचे आवाज काचेमागून आल्यासारखे वाटतात रे. व्हॉल्व्ह बरोबर आहेत ना?"

बरोबर ऐकलं होतं त्यांनी. अगदी बरोबर. त्या नव्या जोडीत नेमका तोच दोष होता आणि तो मला पहिल्याच दिवशी जाणवला होता. मी एवढंच म्हणायला हवं होतं — येतो, बघतो.

मी म्हणालो, "अंकल, व्हॉल्व्ह उत्तम आहेत. वय झालं की कान असेच होतात."

ते म्हणाले, "हां. असेल." आणि फोन ठेवला.

त्या नाताळला क्वायरपुढे दुसरंच कोणी उभं होतं. अंकल मागच्या बाकावर बसले होते, असं मला कोणीतरी सांगितलं. मी ठाण्याला जाणंच कमी केलं. फोन आला तर कामात आहे म्हणायचो. ते आणखी काही वर्षं जगले, पण पुन्हा शिकवलं नाही. घरी गाणं लावणंही त्यांनी सोडून दिलं होतं.

ते गेल्यावर मी भेटायला गेलो. त्यांच्या बायकोने, लुसी आंटीनी, चहा केला. म्हणाल्या, "क्वायरची मुलं किती सांगायची त्यांना — सर, तुमचे कान ठणठणीत आहेत, परत या. मीही सांगायचे. ऐकलंच नाही. म्हणायचे, तुम्ही सगळे माझं मन राखायला खोटं बोलता. खरं फक्त संजय बोलला."

माझा हात धरून त्या हे सांगत होत्या. कौतुकाने.

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी मान डोलावली, चहा संपवला आणि निघालो.

आंटी अजून तिथेच राहतात. त्यांना अजूनही वाटतं की मी खरं बोललो होतो.