शेगडी मोजणारे सर

"भाकरी मोजू नका, शेगडी मोजा," हे वाक्य उच्चारण्यापूर्वी ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत असत. वाचकहो, आपणही अशी माणसे पाहिली असतील. एक गोष्ट त्यांना नीट समजलेली असते आणि ती साऱ्या जगाला समजावी, अशी त्यांची तळमळ असते.

तुळजापुरातील एका शिक्षणसंस्थेचा सर्व्हर ते सांभाळत. शिकवत काहीच नसत, तरी सर्वजण त्यांना 'सर' म्हणत. तहसील कचेरीबाहेर माझे अर्जलेखनाचे मेज आहे. शेजारच्या टपरीवर ते चहाला येत. एका मोठ्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरच्या बळावर अनेक यंत्रे नांदतात, प्रवेशाचे वेगळे, पगाराचे वेगळे, परीक्षेचे वेगळे, हे मला त्यांनीच सांगितले. त्या सॉफ्टवेअरचे लायसन आतल्या यंत्रांच्या, म्हणजे भाकऱ्यांच्या नव्हे, तर प्रोसेसरच्या, म्हणजे शेगडीच्या संख्येवर घ्यावे लागते. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु हयात कायद्याच्या भाषेत गेल्यामुळे मुद्दा तत्काळ ध्यानी आला.

"मंग सर, माझ्या टपरीला किती लायसन?" टपरीवाल्याने एकदा विचारले.

"शेगडी किती?"

"एक."

"मग एकच. कप कितीबी भरा, कुणी विचारणार न्हाय."

पुढे संस्थेने नवा सर्व्हर घेतला. निवड सरांचीच. प्रोसेसर एकच, पण भलताच ताकदवान. एक लायसन पुरेल, असे त्यांनी अध्यक्षांना छातीठोकपणे सांगितले. काही महिन्यांनी सॉफ्टवेअर कंपनीचे पत्र आले. एका प्रोसेसरच्या आत अनेक कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग असतात आणि ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की दुसरे लायसन घ्यावे लागते. सरांच्या प्रोसेसरने ती मर्यादा ओलांडली होती.

"सर, शेगडी एकच, पण बर्नर लई निघाले की!" टपरीवाला म्हणाला.

सर हसले. चहा मात्र त्यांच्या हातातच निवला.

संस्थेने त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. ती घेऊन ते माझ्याकडे आले. नोकरी कंत्राटी, वय पंचेचाळिशीला टेकलेले. ही गेली तर या गावात दुसरा सर्व्हर कोठे शोधणार? मी खुलासा लिहावयास घेतला. 'सदर नियमाची पूर्वसूचना अर्जदारास प्राप्त झाली नव्हती,' या एका वाक्याने मी आजवर कित्येकांना तारले आहे.

"एवढं खोडा, अण्णा."

"का? यानेच नोकरी वाचेल."

"नियम आधीच आला होता. मेल मलाच आला होता. मी उघडलाच न्हाय. वाटलं, आपल्याला ठाव हाय सगळं."

"हे कोणास ठाऊक आहे?"

"मला हाय की."

"सर, खुलासा म्हणजे कबुलीजबाब नव्हे."

ते चष्मा पुसत राहिले. "चूक माझी, एवढंच लिवा."

मी लिहिले. वाद घालण्याचे त्राण दोघांतही उरले नव्हते. इतका आखूड खुलासा माझ्या मेजावरून पूर्वी कधी गेला नव्हता. त्या महिन्याअखेरीस त्यांचे कंत्राट संपले. त्याचे नूतनीकरण झाले नाही.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. भर उन्हाळ्यातली दुपार होती. वीज गेली होती. संस्थेच्या मागल्या बोळातून मी घरी जेवावयास निघालो होतो, तर सर्व्हरच्या खोलीमागे, उन्हातच, हे भिंतीवर तळवा टेकून उभे.

"सर, आता तुमचा काय संबंध?"

"संबंध न्हाय हो. आतला एसी बंद पडलाय. परीक्षेचं मशीन आत बॅटरीवर चालू हाय, पोरांचे निकाल लागायचेत. गरम झालं तर बसंल ते."

"आतल्या माणसास सांगू का?"

"नगं. जनरेटर लावतील ते. त्यांना जमतंय."

आम्ही दोघेही उभे राहिलो. अखेर भिंतीपलीकडे एसीची घरघर सुरू झाली. ती स्थिर होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मग तळव्याचा चुना झटकला आणि ते समोरच्या भिंतीच्या सावलीसावलीने निघून गेले.